जिन्यावरची खोली आधी भरली

पूर आला म्हणजे नदी गल्लीतून चालत येते, असं बाहेरगावच्या माणसाला वाटतं. मलाही तसंच वाटायचं. पण सांगलीत आमच्याकडं पाणी आलं ते मोरीतून. मी तांदूळ धूत होते. धुतलेलं पाणी खाली जायचं सोडून जाळीतून बुडबुड करत उलट माझ्याकडंच यायला लागलं, काळं आणि गटारीच्या वासाचं. नात कॉटवर मांडी घालून पुस्तक वाचत होती.

"पोरी, पाय वर घे," मी म्हटलं.

"वरच आहेत की गं."

पुस्तकातून मान काढायला तयार नाही. शेवटी तिची एक चप्पल तरंगत तरंगत दाराकडं निघाली, तेव्हा तिनं पाहिलं.

मी म्हातारी सांगलीत काय करत होते, ते आधी सांगते. आमचं गाव औंधपासून थोडं आत, कोरडवाहू. लेक फौजेत, लांब सीमेवर. सून गावाकडं जनावरं आणि घर सांभाळते. नात बारावी सायन्सला सांगलीत होती. बाकी सगळे विषय निघाले, केमिस्ट्री राहिली. पुरवणी परीक्षेपर्यंत क्लास लावायचा, म्हणून एक खोली घेतली आणि रांधायला म्हणून मला पाठवलं. रांधायला हे नुसतं सांगायला हो. खरं तर लक्ष ठेवायला. पोरीला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.

तिला नर्स व्हायचं होतं. कुणी डोक्यात भरवलं नव्हतं. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन मिरजेला झालं, तेव्हा ही माझ्यापाशी राहायला होती आणि माझ्यापाशी कमी, सिस्टर लोकांच्या मागंच जास्त. सलाईन कसं धरतात, शीर कशी शोधतात, डोळे फाडून बघायची. तिथून तिच्या मनानं घेतलं. मिरजेच्याच एका नर्सिंग कॉलेजात तिची जागा धरून ठेवली होती, पण केमिस्ट्री सुटल्याचं दाखवलं तरच. आणि लेकानं फोनवर सांगून टाकलं होतं, "आई, ही शेवटची संधी. न्हाई सुटला विषय, तर मलकापूरला तिच्या मामाच्या दुकानात बसू दे. त्याला घरचं माणूस लागतंयच."

साड्यांचं दुकान. एका दिवाळीच्या सुट्टीत ती तिथं बसली होती. बायका ढिगानं साड्या उलगडायच्या आणि "येते हं परत" म्हणून निघून जायच्या. ही घड्या घालत बसायची. परत आली तेव्हा मला म्हणाली, "आज्जी, तिथं काचेत उभ्या केलेल्या बाहुल्या असतात ना, संध्याकाळपर्यंत मला वाटायला लागतं मी त्यांच्यातलीच."

तर मी लेकाला शब्द दिला. म्हटलं, "सोडवूनच आणते." बोलून गेले आणि त्या शब्दात मीच अडकले. पेपर पोरीनं लिहायचा, आणि शब्द माझा.

मी शाळेत गेले नाही. माहेर आमचं पार पूर्वेला, दुष्काळी भागातलं. मेंढरांमागं फिरणारी माणसं आम्ही, शाळा कुठली. पण लेक पहिलीला गेला तेव्हा त्याच्या पुस्तकापासून मी त्याच्या मागं मागं शिकत गेले. तो दहावी होऊन भरतीला गेला, तिथं माझंही शिक्षण थांबलं. त्यामुळं अणू मला दहावीपर्यंतचा ठाऊक होता. मध्ये गड्डा, भोवती रिंगणं, पहिल्या रिंगणात दोन इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात आठ. हे मी मोठ्या तोऱ्यानं नातीला ऐकवलं, तर ती म्हणाली, "आज्जी, ती रिंगणं विसर. तसं काही नसतं."

"मग काय असतंय?"

"खोल्या असतात. ऑर्बिटल म्हणतात. एका खोलीत दोघंच राहणार, तिसऱ्याला जागा नाही. मजल्यांवर वेगवेगळ्या प्रकारच्या खोल्या, त्यांची नावं एस, पी, डी. एसची एकच, पीच्या तीन, डीच्या पाच. खालच्या आधी भरायच्या, मग वरच्या."

"हे तर कळतंय की. वर चढायला दमणूक. खाली जागा असंल तर वर कशाला कोण जाईल?"

"हां. पण तिसऱ्या मजल्यावरच्या डीच्या पाच खोल्या मोकळ्या ठेवून ते चौथ्या मजल्यावरची एसची एक खोली आधी भरतात."

"असं का?"

"तेच तर मला कळत नाही!" असं म्हणून तिनं पुस्तक उशीखाली सारलं. मुख्य परीक्षेत ती याच ठिकाणी घसरली होती आणि क्लासमध्ये परत परत तिथंच अडकत होती. तिचं म्हणणं, बाकी सगळं पाठ होतं, पण हे पाठ केलं तरी बसत नाही, कारण आतून पटत नाही. माझ्यासारखीच आहे. न पटलेलं आमच्या डोक्यात राहत नाही.

पाण्याकडं येते.

आमच्या खोलीत भिंतीवर एक लाल रेघ होती, घरमालकानं ओढलेली. मागच्या मोठ्या पुराची खूण. त्या गल्लीत घरोघर अशी रेघ आहे, आणि त्या रेघेवर लोकांचा देवासारखा विश्वास. पाणी वाढतंय म्हटल्यावर कुणी पळालं नाही. सगळ्यांनी विटांवर कॉट चढवले, रेघेच्या वर फळ्या ठोकल्या आणि सामान तिथं मांडलं. घरमालक स्वतः येऊन सांगून गेले, "आज्जी, रेघेच्या वर ठेवलं की झोपा निवांत." मी पीठ, तांदूळ, तिची वह्यापुस्तकं, सगळं रेघेच्या वर वीतभर ठेवलं. पाण्यानं काही ती रेघ बघितलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते रेघेला टेकलं आणि न थांबता वर गेलं. आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून जिना गाठला. पोरीनं केमिस्ट्रीचं पुस्तक डोक्यावर धरलं होतं, मी पिठाचा डबा. बाकी सगळं तिथंच राहिलं.

घर कसं होतं ते सांगते, म्हणजे पुढचं ध्यानात येईल. तळाला आम्ही भाडेकरू. त्यावर मालक-मालकीण. त्याच्या वरचा मजला नवा बांधलेला, तळमजला धरला तर तिसरा. ओळीनं पाच खोल्या, मालकांच्या पोरांसाठी. फरशी बसवलेली, वर प्लास्टिक अंथरलेलं आणि दारांना कुलपं. त्याच्या वर गच्ची, आणि गच्चीवर जिना संपतो तिथं एक पत्र्याच्या छपराची खोली. टाकीचा पंप, मोडकी बाज, रंगाचे रिकामे डबे.

मालकीण जिन्यात उभ्या होत्या. मनानं चांगली बाई. मला हाताला धरून वर घेतलं. म्हणाल्या, "आवं आज्जी, पाच खोल्या हायत, पण फरशीला पॉलिश व्हायचंय अजून. चिखलाचे पाय... तुमी असं करा, वर गच्चीवरल्या खोलीत बसा. रातच्याला पाणी उतरंलच."

"चालतंय की," मी म्हटलं. "आमच्या माहेरी तर छप्पर बी नसायचं."

पाच खोल्या मोकळ्या, आणि आम्ही दोघी त्याच्या वर, पत्र्याखाली. त्या वेळी काही डोक्यात आलं नाही. डोक्यात फक्त एवढंच, की पेपर चार दिवसांवर आणि केंद्र मिरजेला.

पुरात अडकणं म्हणजे काय, ते बातमीत दिसत नाही. बातमीत पाणी दिसतं. खरं अडकणं म्हणजे कठड्यापर्यंत जायचं, खाली बघायचं, परत यायचं आणि दुसऱ्या कठड्यापर्यंत जायचं. चारी बाजूंनी तेच. तपकिरी, जाड, वाहतंय की थांबलंय कळत नाही असं पाणी. समोरच्या घराच्या गॅलरीत एक म्हैस बांधलेली, ती आमच्याकडं बघायची आणि आम्ही तिच्याकडं. लाईट नाही. टाकीतलं पाणी वाटीनं प्यायचं. पाऊस आला की पत्रा असा वाजायचा, की शेजारी बसून ओरडून बोलावं लागे. पाऊस थांबला की शांतता इतकी, की पाणी भिंतीला चाटतंय ते ऐकू यायचं.

पोरीचा फोन मरत आला होता. ती तो बंद ठेवायची आणि मधूनच चालू करून गच्चीभर हिंडायची, रेंज शोधत. मी झोपेतून उठून बघायचे तर ती बाजेवर नाही. मग माझं ठरूनच गेलं, आधी टाकीच्या कोपऱ्यात बघायचं, बहुतेक तिथं असते. नाहीतर पश्चिमेच्या कठड्याशी. जिन्यात कधीतरी. आणि मधोमध गच्चीत कधीच नाही. हे मी तिला सांगितलं तर ती एकदम हसली, किती दिवसांनी.

"आज्जी, इलेक्ट्रॉनचं असंच असतं. तो नक्की कुठं आहे सांगता येत नाही. कुठं असायची शक्यता जास्त, एवढंच. ती जागा म्हणजेच ऑर्बिटल."

"मग त्याच्या आज्जीचं अवघड हाय," मी म्हटलं.

पेपर पुढं ढकललाय का, हेच कळत नव्हतं. शहर बुडालंय म्हटल्यावर ढकलतीलच, मी म्हणायचे. "पण मिरज कुठं बुडालंय?" ती म्हणायची. केंद्र मिरजेला, मिरज उंचावर. तिथली पोरं सुक्या पायांनी जाऊन पेपर लिहितील आणि हिचा बाक रिकामा राहील. लेकाचा फोन लागत नव्हता. शब्द देऊन बसलेली मी, आणि चार भिंतींच्या जागी चार कठडे.

बाज एकच, आणि तीही अरुंद. आम्ही दोघी पहिल्यांदा आडव्या झालो तेव्हा खांद्याला खांदा लागून दोघींचीही एकेक बाजू बाहेर. मी म्हटलं, "थांब, डोकं तिकडं कर." माहेरी रानात असताना आम्ही चुलत बहिणी एका वाकळेत अशाच निजायचो. एकीचं डोकं वर, दुसरीचं खाली. तसं केलं की एकीचे खांदे तिथं दुसरीचे पाय, आणि निम्म्या जागेत दोघी मावतात. एकाच बाजूला डोकी केली, की रातभर ढकलाढकली.

"तुझी टाच माझ्या नाकाशी आलीय," ती म्हणाली.

"माझ्या बी नाकाशी तुझीच हाय. गप निज."

ती गप पडली, आणि मग उठूनच बसली. रंगाच्या डब्याशेजारी विटेचा तुकडा पडला होता, तो घेऊन भिंतीवर तिनं एक चौकोन काढला, त्यात एक बाण वर तोंड केलेला आणि एक खाली. "बघ, एका खोलीत दोन इलेक्ट्रॉन असे दाखवतात. एक वर, एक खाली. दोघं एका तोंडानं असले तर चालत नाही. कुणा परदेशी शास्त्रज्ञाच्या नावाचा नियम आहे."

मी तो चौकोन बघितला आणि मग बाज बघितली. "ह्यात परदेशी काय हाय?" मी म्हटलं. त्यावरून आमचं थोडं वाजलं. ती म्हणाली, इलेक्ट्रॉनला डोकं-पाय नसतात, ते फिरण्याचं आहे, आणि तेही खरं फिरणं नव्हे. मी म्हटलं, असंल, पण जागा कमी असली की करायचं काय, हे त्यालाबी कळलंय म्हणायचं.

पाणी मात्र उतरलं नाही. जिन्यात बसून ती पायऱ्या मोजायची, किती बुडाल्या. "इलेक्ट्रॉन दोन पायऱ्यांच्या मध्ये कधी थांबत नाही," म्हणाली. "एकतर ह्या पायरीवर, नाहीतर त्या."

"पाणी तर मधीच थांबलंय."

"म्हणून तर पाण्याचा भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या बैठ्या घरांतली माणसं यायला लागली. कुणी तराफ्यावर, कुणी दोर धरून. बहुतेक मालकांच्याच नात्यातली, भावकीतली. आता मालकिणींना कुलपं काढावीच लागली. पॉलिशचं नाव कुणी काढलं नाही. पहिलं कुटुंब आलं, ते पहिल्या खोलीत गेलं. दुसरं आलं, तर पहिल्या खोलीत अर्धी जागा असताना ते थेट दुसऱ्या खोलीत. तिसरं तिसरीत. अशी पाच कुटुंबं पाच खोल्यांत, प्रत्येकानं दार लावून घेतलेलं. मग सहावं आलं, एक बाई, तिचा नवरा आणि सासू. ते दारादारातून फिरले. प्रत्येक दारातून तेच उत्तर, "आमचं लेकरू लहान हाय, पुढं बघा की." शेवटी पहिल्या खोलीत नाइलाजानं घेतलं. तिथंच भांडणं सुरू. खिडकी कुणाची, बादली कुणाची.

मी वर येऊन नातीपाशी कुरकुर केली. "माणसं बघ. एक बी खोली मोकळी असंस्तवर कुणी कुणाशेजारी बसंना."

ती ताडकन उठली. मग विटेचा तुकडा घेतला आणि भिंतीवर ओळीनं पाच चौकोन काढले. प्रत्येकात एकेक बाण. मग पहिल्या चौकोनात दुसरा बाण, खाली तोंड केलेला. त्यांच्या शेजारी आमचा तो आधीचा चौकोन होताच, दोन बाणांचा.

"आज्जी," हळू आवाजात म्हणाली, "हे लोखंड झालं."

"काय झालं?"

"लोखंडाच्या अणूत सगळ्यात वर असंच असतं. डीच्या पाच खोल्यांत सहा जण, आणि चौथ्या मजल्यावर एसमध्ये दोघं. ते दोघं म्हणजे आपण."

मला गंमत वाटली. पण तिला गंमत वाटत नव्हती, कारण परीक्षेत चुकलेला प्रश्न याच्याच पुढचा होता. लोखंडातून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतले, तर कुठले दोन जातात?

मी विचार न करता म्हटलं, "शेवटी आलेले. उसाच्या ट्रॉलीत बघ, शेवटी चढवलेली मोळी आधी उतरती."

"मीपण तसंच लिहिलं," ती म्हणाली. "डीमधले शेवटी आले म्हणून डीमधले जाणार. चूक आहे ते. आधी एसमधले जातात. जे आधी आले, तेच आधी जातात. का? कुणी सांगत नाही. सर म्हणतात, लक्षात ठेवा." विटेचा तुकडा तिनं कठड्यापलीकडं भिरकावला. तो पाण्यात पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. "जाऊ दे. बसते मी दुकानात. तू पण सुटशील. इथं माझ्यावर पहारा करत बसायला नको."

मला राग आला. पण तिथून उठून दुसऱ्या खोलीत जावं तर दुसरी खोली नव्हती. घरात भांडण झालं की माणूस निदान अंगणात जातो, सरपण आणायला जातो. आम्ही दोघी एका बाजेच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसून राहिलो, आणि मध्ये पत्र्यातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली रंगाचा डबा, टप टप.

या सगळ्या दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात येत चालली होती. पहिल्या दिवशी मालकीण स्वतः वर आल्या होत्या. ताटलीत भाकरी, ठेचा, वर "आज्जी, लाजू नका, तुमी आमच्याच" असं. दुसऱ्या दिवशी खोल्या भरल्या आणि खिचडीचं पातेलं खालून वर येता येता पाच दारांशी थांबायला लागलं. गच्चीवर पोचेपर्यंत तळाची करपलेली खिचडी. तिसऱ्या दिवशी मीच खाली गेले, तर मालकीण कुणाच्या तरी लेकराला भरवत होत्या. म्हणाल्या, "अगं बाई, आज्जी! तुमी हायसा न्हाई का वर!" विसरल्या होत्या. वाईट बाई नव्हे हो ती. पण आम्ही होतो तिथंच होतो, एक पायरीसुद्धा हललो नव्हतो, आणि तरी लांब गेलो होतो. मधल्या खोल्या भरल्या, त्यांच्या गळ्यात गळे पडले, आणि आम्ही आपोआप बाहेरचे झालो. सगळ्यांच्या आधी आलेलो आम्ही.

हे मी पोरीला सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल म्हणून.

बोट आली ती तिसऱ्या दिवशी दुपारी, भोंगा वाजवत. रबराची, आणि त्यात फौजेचे जवान. पहिल्या मजल्याच्या गॅलरीला त्यांनी दोर लावला. माझ्या लेकाच्या वयाचा एक जवान हिंदीत म्हणाला, आता दोघांचीच जागा आहे, बाकीच्यांना पुढच्या फेरीत नेऊ. सगळं घर जिन्यात गोळा झालं. दोन जागा आणि एवढी माणसं. सहाव्या कुटुंबातली सासू रडायला लागली. आमच्या पोरीचं तोंड पांढरंफटक. मिरज त्या बोटीच्या टोकाला होतं, आणि पेपर परवा. मी काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर माझ्या आधी मालक बोलले. जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"गच्चीवरल्यास्नी जाऊ द्या आधी. त्यास्नी हितं कोण हाय?"

काय बोलले बघा. आम्हाला वाट मोकळी करून दिली आणि त्याच वाक्यात उंबऱ्याबाहेरही काढलं. कुणी हरकत घेतली नाही. घेणार कशी? बाकी सगळे एकमेकांना धरून होते. आम्हाला धरून ठेवणारं कुणी नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुटले म्हणून की तोडले म्हणून, मला अजून सांगता येत नाही. मी मालकिणींचा हात धरला, त्या "जपून जावा, आज्जी" म्हणाल्या आणि लगेच मागं वळल्या, कारण मागून कुणीतरी त्यांना हाक मारली.

जवानानं मला उचलूनच बोटीत ठेवलं, पिठाच्या डब्यासकट. पोरगी माझ्या मागून उतरली. पुस्तक पोटाशी. बोट गल्लीतून निघाली, विजेच्या तारांखालून मान वाकवून. समोरच्या गॅलरीतली म्हैस मागं पडली. मी पदरानं डोळे पुसत होते, आणि ही माझ्या कानाशी लागली.

"आज्जी. कळलं."

"काय कळलं बाई आता?"

"एसमधले आधी का जातात ते. खोल्या रिकाम्या असतात तोपर्यंत वरची खोली सोयीची असते, म्हणून ते आधी तिथं जातात. पण एकदा मधल्या खोल्या भरायला लागल्या, की ते मधल्या गड्ड्याला जास्त घट्ट धरले जातात आणि वरचे दोघं सैल होतात. जागा तीच असते, पण ते बाहेरचे होतात. म्हणून ओढलं की तेच आधी निघतात." तिचे डोळे चमकत होते. "आपण निघालो ना तसंच."

म्हणजे तिलाही ते दिसलं होतं. करपलेली खिचडी तिनंही खाल्ली होती की.

मी म्हटलं, "मग आता त्या लोखंडाचं काय झालं?"

"दोन गेले. आता तो साधा अणू राहिला नाही, आयन झाला." बोटीतल्या जवानाला काय वाटलं असेल कोण जाणे. "आणि पुढच्या फेरीत कोण येणार सांगू? पहिल्या खोलीत मागून आलेलं ते सहावं कुटुंब. जोडीत अडचण असते ना, म्हणून त्यातलं एक निघणार. मग पाच खोल्यांत एकेक, सगळे निवांत."

संध्याकाळी मिरजेच्या शाळेत, जिथं आम्हाला बोटीतून उतरवून नेलं तिथं, पुढच्या फेरीतून ती रडणारी सासू, तिचा लेक आणि सून आली. पोरीनं मला कोपर मारलं. मी त्या सासूला बसायला जागा केली.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीनं सगळं जुळवून आणलं. पोरगीही तेच म्हणते. इलेक्ट्रॉनला भावकी नसते, तो रुसत नाही, त्याला करपलेली खिचडी कळत नाही, हे तिनं मला बजावून सांगितलंय, आणि मीही दुसऱ्या कुणाला असं शिकवायला जाणार नाही. पण तिच्या डोक्यात जे बसत नव्हतं, ते त्या बोटीत बसलं, एवढं खरं.

पेपर पुढं गेला होता. आम्ही उगीच जीव जाळला. झाला तेव्हा मी केंद्राबाहेर चहाच्या टपरीशी बसून होते, दोन्ही हात पोटाशी धरून. ती बाहेर आली, तोंड लहान.

"काय गं?"

"आलंच नाही."

"काय आलं न्हाई?"

"लोखंड."

आणि आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून हसलो. टपरीवाला बघायला लागला. दुसरंच काहीतरी आलं होतं. पण तिनं लिहिलं. ती म्हणाली, त्या एका ठिकाणची भीती गेली, तर बाकीचं आपोआप सुचत गेलं. निकाल लागला तेव्हा विषय सुटला होता, काठावर, पण सुटला. मी लेकाला फोन केला आणि नुसतं म्हटलं, "सोडवली." त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, "मामाला कळवतो, दुसरं माणूस बघ म्हणून."

खोली रिकामी करायला आम्ही परत गेलो. पाणी उतरलेलं, भिंतीवर चिखलाची रेघ, लाल रेघेच्या कितीतरी वर. मालक ब्रश घेऊन तिथं नवी लाल रेघ ओढत होते, निगुतीनं, पट्टी लावून. पुढच्या वेळी सगळे तिच्या वर सामान ठेवतील. मालकिणींनी चहा दिला, चांगला, आलं घालून, आणि म्हणाल्या, "आवं आज्जी, गच्चीच्या भिंतीवर कसले चौकोन काढल्यात पोरीनं? पुसायला गेले, तर विटेचा रंग जाईना."

"ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "लोखंड हाय ते."

आता ती मिरजेला हॉस्टेलला असते. तिला एकटीला कॉट मिळालाय, एवढा मोठा, असं फोनवर सांगत होती. मी गावाकडं. घर मोकळं, बाज रुंद, कुणी पाहिजे तसं लोळावं. तरी मी कडेलाच निजते, डोकं दाराकडं करून. सून म्हणते, "आत्याबाई, मधी सरका की, पडशीला." मी म्हणते, बरं हाय हितं.

मागं सुट्टीला ती आली. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले, बुटाचे वळ उठलेले. दुपारी मी जरा आडवी झाले होते, तर काही न बोलता आली, उशी उचलून दुसऱ्या टोकाला टाकली आणि उलटी येऊन पडली. टाच बरोबर माझ्या नाकाशी.

"सरक," म्हणाली.

मी सरकले.